पाकीट कशाबद्दल

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पाय लांब आहेत, इथूनच धरले असं समज.

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून कामाचं बोलणं पत्रातून करायचं, हा तुझा कायदा मी पाळतोय, याची नोंद घे. पोस्टातल्या बाई मला आता ओळखायला लागल्या. म्हणाल्या, हाताने पत्ता लिहिणारी माणसं आता दोनच उरली, एक तुम्ही आणि एक कोर्टवाले.

तर काम असं. आमच्या गल्लीत मधोमध शिवणाच्या बाईंचं घर आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन्स, मागे दोन खोल्या, वर गच्ची. बाईंचे यजमान गेले. घर अर्धं त्यांचं आणि अर्धं त्यांच्या दिराचं. दीर दुसऱ्या शहरात असतो. आता म्हणतोय, माझ्या अर्ध्याचे पैसे द्या, नाहीतर घर विकून टाकू. दोघांना पटेल असा आकडा हवाय. मी म्हटलं, घराची किंमत काढायची तर माझ्या बहिणीनेच. व्हॅल्युअर पैशाला पासरी मिळतील, पण ती कुणाच्या सोयीने आकडा वाकवत नाही. दीरही तयार झालाय.

आसपासची घरं काय किमतीला गेली ते तू दर वेळी विचारतेस. तीन व्यवहार मागच्या पानावर लिहिलेत. कोपऱ्यावरचं दुमजली, दवाखान्यासाठी गेलेलं, आणि शाळेमागचं. तिन्ही माझ्या हातचे! कागदावरचे नव्हेत, खरे आकडे आहेत. वाच आणि धाकट्या भावाचं जरा कौतुक कर, फुकट आहे.

बाजारात माझ्यासारखाच घरांचा एक नवा एजंट आलाय. बूट असे चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. तो म्हणे व्हॅल्युअरकडे काम पाठवलं की त्यांच्या फीमधून टक्केवारी घेतो. मला विचारतो, तुमची बहीण काय देते? मी म्हटलं, आमच्यात मागायची वेळ येत नाही. त्याने बूट पुसायला घेतले.

मागच्या वेळचं तुझं पाकीट मिळालं. आमच्या चिमीच्या पोहण्याच्या क्लासची फी भागली. ती आता पाण्यात तोंड घालते, बाहेर काढायचं मात्र विसरते.

तुझा
छोट्या

२१ फेब्रुवारी

चि. छोट्या,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. कौतुक म्हणून तेच घे.

सोमवारी येऊन गेले. तू कुणाला तरी फ्लॅट दाखवायला गेला होतास, तुझी बायको कामावर, चिमी शाळेत. पाकीट दाराखालून सरकवावं म्हटलं, तर तुझ्या दाराखाली फटच नाही. सुताराने काम चोख केलंय. म्हणून आता या पत्रासोबत पाठवतेय.

बाईंचं घर साधं आहे, पण नीट ठेवलेलं. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. टेप कशी धरायची हे त्यांना शिकवायला नको! मी भिंत मोजत होते आणि त्या माझ्या बाहीकडे बघत होत्या. शेवटी राहवेना, म्हणाल्या, "डावी बाही आखूड झालीय हो. कुणी शिवली?" मी आपली वहीत भिंतीचा आकडा लिहायला लागले. मीच शिवली होती.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "एक विचारू? राग मानू नका. काम आणून देतात म्हणून तुम्ही भावाला काही देता का?" दिराने विचारायला सांगितलं होतं, आणि त्यांच्याही मनात होतंच. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे हे तुम्हाला आधीच सांगितलंय. पैशाचं विचाराल तर छदामही नाही. माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, तसं वाक्यच असतं, की हे काम मिळावं म्हणून मी कुणालाही काही दिलेलं नाही. इतक्या वर्षांत त्या वाक्याखाली सही करताना माझा हात कधी अडखळला नाही. ऐकून बाईंचा चेहरा सैल झाला.

आकडा मात्र त्यांना जड जाणार. तुझ्या तिन्ही व्यवहारांवरून काढला. तिन्ही असे एका रांगेत बसले की कुठे ओढाताण करावी लागली नाही. अर्ध्याचे पैसे दिराला द्यायचे तर बाईंच्या नाकी नऊ येतील. मला वाईट वाटलं. पण मला वाईट वाटून घराची किंमत थोडीच उतरते?

पाकीट चिमीसाठी. तिला म्हणावं, तोंड बाहेर काढायलाही शीक.

ताई

३ मार्च

ताई,

तू म्हणजे तूच बाई! "छदामही नाही!" आणि हे म्हणताना चेहऱ्यावरची माशी हलली नसेल. वकील व्हायचं सोडून भिंती कसल्या मोजत बसलीस?

पाकीट मिळालं. या वेळी जाड होतं. घर मोठं, फी मोठी, म्हणून ना? तुझी ही रीत मला फार आवडते. काम लहान तर पाकीट लहान, काम मोठं तर मोठं, आणि वर "चिमीसाठी" असं लिहायचं, म्हणजे घेणाऱ्याला ओशाळवाणं वाटायला नको. त्या बूटवाल्याला टक्केवारी कळते, पण ही नजाकत त्याला सात जन्मांत जमायची नाही.

इकडची बातमी अशी की बाईंना आकडा झेपत नाहीये. बँकेत जाऊन आल्या, बँकेने मान हलवली. घर विकायचं जवळजवळ ठरलंय. फर्निचरचं दुकान टाकणारा एक माणूस माझ्याकडे तयार आहे. हा व्यवहार झाला ना ताई, तर मला स्वतःचा गाळा घेता येईल. शटर असलेला, माझ्या नावाची पाटी असलेला. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल भाड्याने घेऊन किती दिवस काढायचे? बायकोला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतोय.

बाईंचं वाईट वाटतं. मशीन्स कुठे न्यायची म्हणून भाड्याच्या खोल्या बघत हिंडतात. मीच दाखवतो. त्यांच्याकडून काही घेत नाही.

छोट्या

७ मार्च

छोट्या,

तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

अरे, ते कमिशन नव्हतं. एकदाही नव्हतं. चिमीसाठी लिहायचे, कारण ते चिमीसाठीच होतं.

मग प्रत्येक कामानंतरच का, असं तू विचारशील. मीही काल दिवसभर स्वतःला तेच विचारलं. तुझी फाइल आली की तुझं अक्षर दिसतं. तुझं अक्षर दिसलं की तू आठवतोस, मग पत्र लिहायला बसते, मग चिमी आठवते. मधल्या काळात मला पत्र लिहायला सुचतच नाही, हा माझा आळस. आणि फी मोठी आली की हातात चार पैसे जास्त असतात, म्हणून पाकीट जाड. एवढंच होतं रे. पण हे सगळं ओळीने मांडून मी कधी बघितलं नव्हतं. तू काम पाठवलंस, मी पाकीट पाठवलं. मोठं काम, मोठं पाकीट. परका माणूस बघून काय म्हणेल? तू तर परकाही नाहीस, आणि तूसुद्धा तेच म्हणालास. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे मी वर्षानुवर्षं खात होते आणि मला साधा ठसका लागला नाही.

त्या बाईंनी मला समोरासमोर विचारलं होतं. मी त्यांच्या दारात उभी राहून खोटं सांगितलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. मी त्यांना आणि त्यांच्या दिराला लिहिणार. रिपोर्ट मागे घेणार, फी परत करणार. ते दुसरा माणूस नेमतील.

आणि यापुढे मला काम पाठवू नकोस.

ताई

११ मार्च

ताई,

म्हणजे इतकी वर्षं मी दान घेत होतो तर.

बायकोला मी छाती फुगवून सांगायचो, हे माझ्या कामाचं आहे. महिना कोरडा गेला तरी ते पाकीट आलं की वाटायचं, चला, आपण अगदीच बिनकामाचे नाही. तुझ्या एका पत्राने त्याची भीक झाली. बरं केलंस, सांगितलंस.

आता मला सांग, बिघडलं कुणाचं? आकडा बरोबर आहे ना? तूच लिहिलंस, तिन्ही एका रांगेत बसले म्हणून. पाकीट नसतं तरी तोच आकडा आला असता. मग बाईंना सांगून त्यांना काय मिळणार? त्यांना आज सांगितलंस तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल. इथे सगळे घेतात, ताई. पण घेणारे बोलत नाहीत. ज्याचं बोललं गेलं तो एकटा चोर ठरतो. बूटवाला हसत हसत माझी गिऱ्हाइकं घेऊन जाईल. गाळा राहू दे, आहे ते टेबलही जाईल.

लहानपणी मी शेजाऱ्यांची काच फोडली की तू पुढे होऊन बोलणी खायचीस. आज तूच मला बखोटीला धरून नेतेस.

काम पाठवणार नाही. पत्रही नाही.

छोट्या

२० मार्च

चि. छोट्या,

पत्र पाठवणार नाही असं तू म्हणालास. मी म्हटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

"आकडा बरोबर आहे ना?" तुझ्या या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. बाईंची फाइल पुन्हा उघडली. दुसऱ्या कुणा एजंटाने मला तीन व्यवहार सांगितले असते, तर मी आणखी चार जणांना विचारलं असतं. प्रत्येक घर निदान बाहेरून बघून आले असते. तुझे मी तसेच्या तसे उतरवून घेतले. छोट्या सांगतोय म्हणजे झालं!

काल येऊन तिन्ही घरं रस्त्यावरून बघितली. कोपऱ्यावरच्या घराला दोन्ही बाजूंनी रस्ता आहे. दवाखाना काढणाऱ्याला तीच जागा हवी होती, म्हणून त्याने मागतील तेवढे दिले. शाळेमागचं घर नवं कोरं आहे. यातलं एक तरी बाईंच्या घरासारखं आहे का रे? शिकाऊ माणसाच्याही हे लक्षात आलं असतं. मी मात्र त्यावर सही करून मोकळी झाले.

तुझ्या गल्लीत मधलं, जुनं, साधं असं एकही घर विकलं गेलं नाही? गेलं असणार. तू मला तुझे चांगलेच व्यवहार सांगितलेस, हो ना? तू लबाडी केलीस असं माझ्या मनातही नाही. शाळेतून आलास की ज्या विषयात मार्क चांगले असायचे तोच आधी सांगायचास. बाकीचे आईला माझ्याकडून कळायचे. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी विचारलं नाही.

मला वाटायचं, पैशाने माणसाची नजर फिरते. म्हणून त्या वाक्याखाली इतक्या ऐटीत सही करत आले. माझी नजर मायेने फिरली. बाईंना त्याचं काय? त्यांना भुर्दंड तेवढाच बसला.

तू भीक म्हणालास ते फार लागलं. आत्याने भाचीला दिलं त्याला भीक म्हणतात का? तुला बिनकामाचा कोण म्हणतं? लोक तुझ्या हातात घराच्या किल्ल्या देऊन निर्धास्त परगावी जातात. ती तुझी कमाई. ती मी दिलेली नाही, आणि मला ती काढूनही घेता येणार नाही.

काल तुझ्या घरावरून गेले. गॅलरीत चिमीचा टॉवेल वाळत होता. वर यायचा धीर झाला नाही.

बाईंचं पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी टाकणार. तुझ्या बाजाराचं मला कळतं, छोट्या. तुझ्या गाळ्याचंही कळतं. तरी टाकणार. तुझ्याकडे एकच मागते. साध्या घरांची माहिती दे. जो नवा माणूस येईल त्याला ती लागेल.

ताई

९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र सोमवारी निघणार होतं, म्हणून मी रविवारी बाईंकडे गेलो. त्यांना कळायचं तर माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. खरं सांगू? गल्लीत दोन चकरा मारल्या, मग आत गेलो.

त्या मशीनवर होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाकिटांचं सांगितलं, आणि मग घरांचं. आमच्या गल्लीतलं मास्तरांचं घर, बाईंच्या घरासारखंच, अगदी तसंच. तो व्यवहार माझाच होता, ताई. आलेलं गिऱ्हाईक माझ्या हातून निसटलं, मास्तरांना पैशाची घाई होती, आणि शेवटी पडेल त्या किमतीला द्यावं लागलं. पाण्याच्या टाकीजवळचंही तसंच एक गेलं, ते दुसऱ्याने विकलं, माझ्या नाकावर टिच्चून. ही दोन तुला सांगितली नाहीत. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, पण तुझ्यासमोर मला नेहमी जिंकून आलेलाच दिसायचं असतं. आता चाळिशी उलटली तरी जात नाही ते.

बाईंनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने मला माझ्या दारात सांगितलं होतं, काही देत नाही म्हणून."

मी म्हटलं, तिला माहीत नव्हतं.

"हे मी खरं मानू?"

"नका मानू. पण तसंच आहे."

बराच वेळ त्या सुतात अडकलेली गाठ सोडवत बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "आणि तुम्ही मला खोल्या दाखवत हिंडवत होतात." ताई, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी खाली मान घालून बाहेर आलो.

नवा व्हॅल्युअर दिराने त्याच्या ओळखीने आणला. ती दोन घरं मी त्याला नेऊन दाखवली, आणखी दोन त्याने शोधून काढली. त्याचा आकडा तुझ्यापेक्षा बराच खाली आला. दिराने कुरकुर केली, पण माणूस त्यानेच आणलेला, बोलणार काय? बँक आता तयार झालीय. बाईंनी दोन मशीन्स ठेवून बाकीची विकली आणि उरलेले पैसे उभे केले. घर राहतंय त्यांचं.

फर्निचरवाला गेला, गाळाही गेला. बूटवाल्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर विचारलं, बहिणीची टक्केवारी किती? मी पाकिटांत आलेला सगळा आकडा सांगितला. मग कुणी हसलं नाही. दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. टेबल अजून आहे.

छोट्या

१४ एप्रिल

चि. छोट्या,

बाईंचं घर राहिलं हे वाचून मी रडले, आणि तू रविवारीच गेलास हे वाचून आणखी रडले. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक ना?

माझंही सांगते. आमच्या व्हॅल्युअरांच्या संघटनेला मी स्वतःहून कळवलं. त्यांनी लेखी समज दिली. एका बँकेने सध्या काम थांबवलंय. म्हणून माळा आवरायला घेतला, त्यात तुझी चौथीतली चित्रं सापडली. घरं काढायचास तू. एकाही घराला दार नाही! बाईंचंही पत्र आलं. दोनच ओळी होत्या. फी मिळाली, आणि "बाही उसवून पाठवा, नीट करून देते." मी त्या कागदाकडे बघत बसले रे.

आता चिमीचं. तू मला काम पाठवत नाहीस, तेव्हा आत्याला भाचीसाठी काही द्यायची मोकळीक आहे, असं मी धरते. दर महिन्याला एकसारखं पाठवीन. मला काम असो वा नसो, माझी फी मोठी असो वा लहान. पण तुला चालत असेल तरच. आजवर मी तुला विचारलंच नव्हतं. तिथेच माझं चुकलं.

ताई

२५ एप्रिल

ताई,

चालेल. हे लिहायला मला आठवडा लागला, पण चालेल.

बायकोला सगळं सांगितलं. पाकिटांचं, गाळ्याचं, बाईंचं. वाटलं होतं, आता माझी शोभा होणार. तर ती भाजी निवडता निवडता म्हणते, "अहो, ते चिमीच्या आत्याचं आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्हाला कमाई वाटते तर वाटू दे म्हटलं. त्या दिवशी जरा ताठ चालायचात." या घरात बुद्धू मी एकटाच होतो, असं दिसतंय.

काल बाईंच्या घरावरून जात होतो. त्यांनी खिडकीतून हाक मारली. एकांना घर घ्यायचंय, त्यांना माझा नंबर दिलाय म्हणाल्या. मी विचारलं, माझं सगळं सांगितलंत का त्यांना? "सांगितलं," म्हणाल्या, "म्हणून तर दिला." मग खिडकी लावून घेतली. माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. तू आमच्या दारावरून परत गेलीस, हे माझ्या डोक्यातून जात नाही. रोज जिना चढताना आठवतं. मग लक्षात आलं, लग्न होऊन मी इथे राहायला आलो तेव्हापासून तू प्रत्येक वेळी कुणाचं तरी घर बघायलाच इकडे आलीस. पर्समध्ये टेप, एक डोळा घड्याळावर, आमच्याकडे उभ्याउभ्या चहा आणि निघालीस. मीही तुला बोलवायचो ते काम दाखवूनच. नुसतं ये म्हणायला तोंड उघडलं नाही कधी. आता तर मी काम पाठवत नाही, म्हणजे तुला इकडे यायला कारणच उरलं नाही.

म्हणून सरळ लिहितो. इथे कुणाचं घर बघायचं नाही, काही मोजायचं नाही. माझं तुझ्याकडे काही काम नाही, ताई. ये.

छोट्या